येसाजी ठोंबऱ्याने लावलेलं सील

येसाजी ठोंबरे लग्नाला गेला की चपला पिशवीत घालून मांडवात घेऊन बसतो. देवळात गेला तर एक चप्पल या पायरीला काढतो, दुसरी पार त्या टोकाला. "एकटी चप्पल कोन नेतो?" असं त्याचं म्हणणं. एका डॉक्टरने रक्तदाब मोजला की हा समोरच्या दवाखान्यात जाऊन पुन्हा मोजून घेतो, आकडा वेगळा आला की दोघांकडेही जायचं बंद करतो. बायको भागूबाई सांगते, "आमच्या लग्नात अंतरपाट बाजूला झाला ना, तवा यांनी माझं तोंड नाय बघितलं. माझ्या मागं कोन उभं हाय ते आधी बघितलं."

चोपन्न वर्षांच्या या माणसाचा एकाच गोष्टीवर पुरता भरवसा होता आणि तिला सहा चाकं होती.

चौकच्या अलीकडे डोंगराला टेकून संजनाताईंचा खडी क्रशर आहे. तिथल्या सहाचाकी डंपरवर येसाजी अकरा वर्षं ड्रायव्हर. रोज सकाळी सहाला खडी भरायची, कर्जत पार करायचं, कशेळ्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला एका रिसॉर्टचं काम चाललंय तिथे नेऊन ओतायची, परत यायचं. दुपारी दोनपर्यंत दोन खेपा. इंजिन चार सिलिंडरचं, मधल्या ताकदीचं. शेजारून बारा चाकी हायवा डंपर गुरगुरत गेला की येसाजी काच खाली करून त्याच्या ड्रायव्हरला सुनवायचा, "तुझ्या गाडीच्या अंगात जोर हाय रं, माझ्या गाडीच्या अंगात अक्कल हाय! जा, अडक पुढच्या वळणाला!" आणि खरंच, गावांतल्या अरुंद रस्त्यांवरून ती गाडी मुकाट्याने निघून जायची. नवव्या वर्षी इंजिन खोललं तेव्हा तो तीन दिवस गॅरेजच्या दारात बसून होता. मिस्त्रीने एखादा जुना नट खिशात घातला तर?

गाडी तीच, पण दुपारी दोननंतर ती मनोज पादीरच्या हातात जायची. मनोज एकोणतीस वर्षांचा, कशेळ्याच्या पलीकडच्या ठाकरवाडीतला. त्याच्या वाडीत जड गाडीचं लायसन काढणारा तो पहिला. दोन ते दहा त्याची पाळी. रात्री काम संपलं की टाकी डिझेलने गच्च भरून गाडी लावायची आणि मोटरसायकलने घरी जायचं. सप्टेंबरात त्याला मुलगी झाली. तेव्हा त्याने संजनाताईंना विचारलं होतं, "ताई, मला दिवसपाळी मिळंल का? पोर झोपल्यावरच घरी पोचतो मी."

"बघू," ताई म्हणाल्या.

हे 'बघू' येसाजीने बाहेरून ऐकलं.

महिन्याभराने, परतीच्या पावसात, क्रशरवरचा डिझेलचा बॅरल कोणीतरी उघडा ठेवला. पाणी टाकीत गेलं आणि येसाजीची गाडी कर्जतच्या चारफाट्यावर भर गर्दीत बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. मिस्त्री आला, त्याने फिल्टरच्या तळातलं पाणी काढलं आणि हात पुसत म्हणाला, "बॅरलमधनं आलं, दादा."

"बॅरल दोघांचा. मग गाडी माझ्याच हातात कशी बंद पडली?"

"पानी काय नाव विचारून येतं का?"

"पानी नाय विचारत. टाकनारा विचारतो."

मिस्त्रीने वर बघितलं. "टाकनारा कोन?"

"मी नाव घेतलं का? तूच ठरव दिवसपाळी कुनाला पायजे व्हती."

बॅरल बंद झाला, डिझेल चौकच्या पंपावरून यायला लागलं. विषय तिथेच मिटायचा. पण येसाजीच्या डोक्यात आणखी एक गोष्ट शिरली. साइटवरचा वॉचमन कमळ्या हा मनोजच्या बायकोचा भाऊ. येसाजी खडी ओतून चहा प्यायला जातो तेव्हा गाडीपाशी कोण असतं? कमळ्या. टाकीचं झाकण कुठल्या बाजूला असतं? कमळ्याच्या केबिनच्या.

दुसऱ्याच दिवसापासून येसाजीने सील लावायला सुरुवात केली.

पहाटे साडेपाचला, क्रशरवर कोणी यायच्या आत, तो घरून आणलेली दुधाची रिकामी पिशवी काढायचा. धुतलेली, कापून चौकोनी केलेली. ती डिझेलच्या टाकीच्या तोंडावर पसरायचा. तिच्यावर झाकण घट्ट फिरवायचा. झाकणाभोवती जुन्या ट्यूबची रबरी पट्टी, पट्टीवर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीच्या जोडावर बॉलपेनने सही. ये-सा-जी, तीन वळणं, खाली रेघ. दुपारी दोनच्या आत हे सगळं तोच गुपचूप काढायचा. मनोजला कळता कामा नये. सापळा लावलेला उंदराला सांगतात का?

भागूबाई एवढंच विचारायची, "रोज दुधाची पिशवी कुठं जाते?"

"कामाला."

"काय काम?"

"तुला कशाला पायजे?"

सील लावलं त्याच दिवशी गाडीची ताकद गेली.

साइटच्या अलीकडे खिंडीचा चढ आहे. कच्चा, वळणाचा, उजवीकडे ओढा. एरवी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी तो चढ दमाने चढायची. त्या दिवशी अर्ध्यावर गेली आणि इंजिनाचा आवाज पातळ झाला. येसाजीने पाय दाबला. काही नाही. पहिला गिअर टाकला. गाडी दोन ढांगा गेली, घुसमटली, थरथरली आणि गप्प झाली. त्याने हँडब्रेक ओढला, उतरून चाकांमागे दगड लावले आणि पहिला धावला तो टाकीकडे.

सील शाबूत. सही जिथल्या तिथे.

दहा मिनिटं तो तिथेच उभा राहून विचार करत होता. मग सहज चावी फिरवली, तर गाडी चालू! रडतखडत वर गेली. दुसऱ्या खेपेला पुन्हा तसंच. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. आणि दुपारनंतर मनोजच्या हातात? त्याच चढाला, तेवढीच खडी भरून, सुरळीत.

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, हे सील लावल्यापासून होतंय. येसाजी म्हणाला, सील शाबूत आहे म्हणजे कमळ्याने काही केलेलं नाही. म्हणजे जे काय टाकलंय ते सील लावायच्या आधीच टाकलंय. रात्री डिझेल भरताना. मनोजने.

आणि पुरावा तर रोज मिळत होता. दुपारी तो झाकण फिरवायचा तेव्हा टाकीतून आवाज यायचा. फुस्सऽऽ. लांबलचक, सोडावॉटरच्या बाटलीसारखा. आधी असा आवाज कधी आला नव्हता. डिझेलात काहीतरी मिसळलंय आणि ते आत गॅस धरतंय, हे येसाजीला लख्ख दिसत होतं. त्याने बोट बुडवून डिझेल चाखून बघितलं. गोड लागतंय का? मिस्त्रीला फोन केला.

"डिझेलात साखर टाकली तर कळतं का रं?"

"साखर डिझेलात विरघळत नाय, दादा. तळाला बसते. काल फिल्टर खोलला ना मी तुमच्यासमोर? साखर नाय, पानी नाय, कचरा नाय."

"मग न दिसनारं कायतरी असंल."

"दादा, गाडी एकदा सकाळची दाखवा मला. दुपारी आनता तवा तिला काय झालेलंच नसतं."

सकाळची गाडी दाखवायची म्हणजे सील दाखवायचं. येसाजीने फोन ठेवला. मिस्त्रीला सकाळचीच गाडी का पाहिजे? हाही प्रश्न त्याने मनात नोंदवून ठेवला.

नोव्हेंबर गेला. साइटवरून तक्रारी सुरू झाल्या. काँक्रीटची माणसं खडीची वाट बघत बसायची आणि येसाजी चढावर दगड लावून उभा. एके दिवशी संजनाताईंनी त्याला ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे पत्र्याचा कंटेनर, आत एक टेबल, भिंतीवर वजनकाट्याच्या पावत्यांचे गठ्ठे. संजनाताई अडतीस-चाळीसच्या. नवरा गेल्यावर क्रशर एकटीने चालवतात, बोलतात कमी.

"येसाजीकाका, रोज चढाला गाडी उभी राहते म्हणे."

"राहते."

"मनोजच्या हातात राहत नाही."

"तेच तर!"

"तेच तर म्हणजे? अहो, वय होतं माणसाचं. क्लच-गिअरचा मेळ चुकतो. वाईट वाटून घेऊ नका. महिनाभर मनोजला दिवसपाळी देऊन बघू का?"

येसाजीचे कान तापले. अकरा वर्षं. एक ओरखडा नाही, दंडाची एक पावती नाही. आणि क्लच-गिअरचा मेळ?

"ताई, दोन वाजता मनोज आला की मला आवाज द्या. तुमच्यासमोर दाखवतो काय चाललंय ते."

दोनला पाच कमी असताना येसाजीने टेप काढली, रबर काढलं. झाकण मात्र तसंच ठेवलं, आत प्लॅस्टिकसकट. मनोज हेल्मेट हातात घेऊन आला, ताई आल्या, वजनकाट्यावरची दोन माणसंही येऊन उभी राहिली.

"ऐका आता," येसाजी म्हणाला आणि त्याने झाकण फिरवलं.

फुस्सऽऽ.

"ऐकलं? हे साधं डिझेल बोलतं का असं? यात कायतरी टाकलंय. रोज टाकतोय. रात्री भरताना." त्याने बोट दाखवलं नाही, नुसती मान वळवली. सगळ्यांनी मनोजकडे बघितलं.

मनोजला आधी कळलंच नाही. मग तो हसला. "दादा, मस्करी करता काय?"

"मस्करी? चढावर दगड लावतो मी रोज, ती मस्करी हाय?"

"मी काय टाकलं? नाव सांगा ना त्या वस्तूचं."

"ते तू सांग."

"दादा, असा आवाज मी कधी ऐकला नाय. माझ्या टायमाला येत नाय. द्या बरं ते झाकन. झाकन बघू."

मनोजने हात पुढे केला.

झाकण येसाजीच्या उजव्या हातात होतं. प्लॅस्टिक त्याने झाकणाबरोबरच खेचून मुठीत चुरगाळलं होतं. क्षणभर तो हात तसाच राहिला. मग त्याने झाकण पाठीमागे घेतलं.

"पुराव्याला हात लावू नको."

"अवो, झाकन तर बघू द्या!"

"कशाला? पुसून टाकायला?"

"ताई, तुमी सांगा यांना," मनोज वळला. "दोन वर्षं झाली मला. एक थेंब इकडचा तिकडं केला असंल तर विचारा पंपावर."

संजनाताई टाकीकडे बघत होत्या. त्यांनी कधी ट्रक चालवलेला नव्हता. फुस्स त्यांनी कानांनी ऐकलं होतं आणि येसाजी अकरा वर्षांचा माणूस होता.

"मनोज, तू थोडे दिवस येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "काय ते कळू दे. मग बघू."

पुन्हा 'बघू'. मनोजने चावी खिशातून काढून डंपरच्या पायरीवर ठेवली. कोणाच्या हातात दिली नाही.

"दादा, वाडीत काय सांगू? ठाकराच्या पोराला गाडी दिली आनि त्यानं गाडीलाच इख घातलं, असं सांगू?"

मनोजची मोटरसायकल फाटकाबाहेर गेली तेव्हा येसाजीने मूठ उघडली आणि प्लॅस्टिक खिशात घातलं.

घरी भागूबाईला त्याने रंगवून सांगितलं. ती भाकऱ्या थापत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्याला झाकन का नाय दिलं?"

"का द्यायचं?"

"मागत व्हता ना. चोर झाकन मागतो का पळून जातो?"

"तुला नाय कळायचं त्यातलं."

मनोज गेल्यावर दुसरी पाळी बंद झाली. सोमवारपासून डिझेल येसाजी स्वतः भरायला लागला, पंपावर, डोळ्यांत तेल घालून. नळीचं तोंड पुसून. भरून झालं की तिथल्या तिथे सील. आता कसली भीती?

सोमवारी गाडी खिंडीच्या चढाला बंद पडली.

मंगळवारी बंद पडली.

मंगळवारी येसाजी दगड लावून रस्त्याच्या कडेला बसला. मनोज नाही. कमळ्याही नाही, मेहुण्याच्या अपमानाने तो काम सोडून गेला होता. मग कोण? पंपवाला? पंपवाल्याचं मी काय घोडं मारलंय? संजनाताई? गाडी मोडीत काढायची असेल, नवी घ्यायची असेल. मिस्त्री? सकाळची गाडी बघायला मागत होता. एकेकाला तो मनात उभं करत गेला आणि रांगेच्या शेवटी त्याला एक माणूस दिसला जो रोज त्याच्या सीलला हात लावतो. दुधाची पिशवी धुऊन कोण ठेवतं?

बुधवारी दुपारी घरात शिरल्या शिरल्या त्याने विचारलं, "कशेळ्याच्या बाजारात मंगळी भेटते काय तुला?"

मंगळी म्हणजे मनोजची आई. बाजारच्या दिवशी ती रानातली भाजी, कंद, मध घेऊन बसते.

भागूबाई वर्षाच्या तेलाचा पंधरा किलोचा डबा पुढे घेऊन बसली होती. नवा, सीलबंद. हातात खिळा आणि बत्ता. "भेटते. मागल्या बाजाराला मध घेतला तिच्याकडनं. का?"

"काय बोल्ली?"

"काय बोलनार? पोरगा घरी बसलाय. नातीला दूध..."

"तुला कायतरी देत व्हती? दुधाच्या पिशवीला लावायला, पावडर-बिवडर?"

भागूबाईने बत्ता खाली ठेवला. तिला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा ती उभी राहिली.

"माझ्यावर आलात? तीस वर्षं तुमचा डबा भरते मी. इख घालायचं असतं तर भाकरीत घातलं असतं, ट्रकाला कशाला घालू? तो ट्रक काय माझी सवत हाय?" मग जरा थांबून, "हाय म्हना तशी."

"भागू, मी नुसतं विचारलं."

"तुमी नुसतं विचारता आनि लोकांची भाकर जाते! काय पुरावा हाय तुमच्याकडं? दाखवा तरी!"

येसाजीने खिशातून प्लॅस्टिकचे चार-पाच तुकडे काढले. रोजचे जपून ठेवलेले. जमिनीवर मांडले. "हे टाकीच्या तोंडावरचं. झाकनाखाली लावतो. आत गॅस होतो, झाकन उघडलं की फुस्स करतो."

भागूबाईने एक तुकडा उचलला, उजेडात धरला. प्लॅस्टिकच्या मधोमध खोलगट वाटी झाली होती. पार ताणून पातळ झालेली.

"ही कुठली बाजू वर व्हती?"

"छापलेली."

"मग हे आत गेलंय. गॅस असता तर वर फुगलं असतं. पुरी फुगते तसं."

तुकडा पुढ्यात टाकून ती पुन्हा डब्यापाशी बसली. रागातच खिळा ठेवला, बत्ता हाणला, एक भोक पाडलं आणि डबा बरणीवर कलता केला. तेल आलं, थांबलं. डबा गुटुक् करून हवा प्यायला, पत्रा आत दबला, पुन्हा थोडं तेल, पुन्हा थांबलं.

"दुसरं भोक पाड की," येसाजी सवयीने म्हणाला. "वारा कुठनं जाईल आत? तेल बाहेर यायचं तर..."

तो मधेच थांबला. भागूबाईने डबा सरळ केला आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या पुढ्यातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याकडे आणि डब्याच्या दबलेल्या पत्र्याकडे तो आळीपाळीने बघत होता. तीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला झाकणाला बारीक भोक असतं आणि ते का असतं हे माहीत नसेल का? पहिल्या वस्तादाने सांगितलं होतं त्याला. इंजिन डिझेल पितं, तेवढीच हवा टाकीत जायला पाहिजे. नाहीतर टाकी आतून ओढायला लागते आणि इंजिन उपाशी मरतं.

"बोला ना," भागूबाई म्हणाली.

"टाकी गुदमरत व्हती."

"कुनी गळा दाबला तिचा?"

येसाजी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्या दिवशी जेवला नाही.

गुरुवारी त्याने सील लावलं नाही. दोन्ही खेपांना गाडी खिंडीचा चढ अशी चढली की साइटवरचा सुपरवायझर ओरडला, "काय काका, नवीन इंजिन टाकलं काय?" येसाजीला आनंद झाला नाही. आता गप्प राहिलं तर कोणालाच काही कळणार नव्हतं. मनोज गेला आणि गाडी सुधारली, एवढंच लोकांना दिसलं असतं. उलट येसाजीचंच नाव झालं असतं. हे त्याच्या लक्षात आलं आणि दिवसभर लक्षात राहिलं.

शुक्रवारी पहाटे तो कंटेनरच्या दारात उभा होता.

"ताई, मनोजनं काय केलं नाय. माझी चूक हाय."

संजनाताईंनी वर बघितलं. चष्मा काढला. "वाडीतली माणसं आली होती का तुमच्याकडे?"

"नाय."

"दम दिलाय कोणी? घाबरू नका, सांगा."

"ताई, कोनी आलं नाय."

"मग गाडी काल सुधारली कशी? मनोज गेला आणि सुधारली. मला तर उलट खात्री पटली."

"त्यासाठीच आलोय."

त्याने सगळं सांगितलं. सील, सही, दुधाची पिशवी. ताई ऐकत होत्या, पण तोंडावर विश्वास नव्हता. "येसाजीकाका, आधी तुम्ही म्हणालात त्याने काहीतरी टाकलं, मी मानलं. आता म्हणताय टाकलं नाही. मी तुमचं कुठलं बोलणं धरू?"

"बोलनं धरू नका. गाडीत बसा."

संजनाताई आपल्याच डंपरच्या केबिनमध्ये पहिल्यांदा चढल्या. वजनकाट्यावरची माणसं बघत होती. त्यांच्यासमोर येसाजीने टाकीच्या तोंडावर प्लॅस्टिक पसरलं, झाकण लावलं, पट्टी, टेप, सही. एकजण हसला. "काका, लग्नाची पत्रिका हाय काय?"

"हस," येसाजी म्हणाला.

कर्जतपर्यंत गाडी ठीक होती. कशेळ्यापर्यंत ठीक होती. ताई एकदा घड्याळाकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. खिंडीच्या चढाला अर्ध्यावर इंजिनाचा आवाज पातळ झाला. येसाजीने पाय दाबून धरला, ताईंना दिसेल असा. गाडी थरथरली आणि गप्प झाली.

"उतरा," तो म्हणाला. दगड लावले. ताईंना टाकीपाशी नेलं, टेप फाडली, झाकण सैल केलं. फुस्सऽऽ. मग ताईंचा हात धरून त्याने झाकणाच्या फटीशी नेला.

"वारा कुठं जातोय? बाहेर येतोय का आत?"

ताईंनी हात तिथेच ठेवला. "आत ओढतंय."

येसाजीने प्लॅस्टिक काढून त्यांच्या हातात दिलं, झाकण लावलं, गाडी चालू केली. त्याच जागेवरून, भरल्या गाडीने, पहिल्या गिअरमध्ये ती निघाली आणि वरपर्यंत थांबली नाही. ताई पायी चढ चढून वर आल्या. धापा टाकत म्हणाल्या, "म्हणजे तो झाकण बघू म्हणत होता तेव्हा..."

"माझ्या मुठीत व्हतं हे."

येसाजीने गाडी साइटवर नेऊन खडी ओतली.

"खरं तर काढायला पाहिजे तुम्हाला," ताई म्हणाल्या.

"काढा."

"मग ही गाडी परत कोण नेणार, कमळ्या? चला. मनोजला मी फोन करू की तुम्ही?"

"फोन नको. तो उचलनार नाय. जातो मी."

ठाकरवाडी तिथून दोन किलोमीटर. परतीचा डंपर रस्त्याला लावून, ताईंना कशेळ्याच्या जीपमध्ये बसवून येसाजी पायवाटेने गेला. अंगणात मंगळी नाचणी पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही.

"कोन पायजे?"

"मनोज हाय का?"

"कशाला? आता काय हरवलं तुमचं?"

मनोज आतून आला. खांद्याशी मुलगी. येसाजीच्या मागे, वाटेकडे त्याने नजर टाकली.

"पोलीस हायेत मागं?"

"एकटाच हाय."

"एकटे कसे? संशय कुठं ठेवून आलात?"

येसाजीने ते खाली मानेने घेतलं. मग सांगितलं. लपवण्यासारखं काही ठेवलं नाही. मनोज ऐकता ऐकता खाली बसला. टाकीत हवा जायची वाट बंद झाली होती, हे त्याला दुसऱ्या वाक्यालाच कळलं. पुढचं तो गाडीसाठी ऐकत नव्हता.

"मी झाकन मागितलं," तो म्हणाला, "तवा तुमाला म्हाईत व्हतं?"

"टाकी गुदमरते ते नव्हतं म्हाईत."

"मग काय म्हाईत व्हतं?"

"मी कायतरी लपवतोय, एवढं म्हाईत व्हतं."

मंगळीचं सूप थांबलं.

"ताईंनी बोलवलंय," येसाजी म्हणाला. "सोमवारपास्नं. आनि दिवसपाळी तू घे. मी घेतो दोनची. पोरीजवळ राहशील."

मनोजने त्याच्याकडे रोखून बघितलं. "का? दिवसपाळीत काय ठेवलंय?"

"काय ठेवनार? तुला पायजे व्हती म्हनून."

"आधी नको म्हनून एवढं केलंत, आता फुकट देता? नको. माझी हाय तीच पाळी बरी." मुलीने त्याचा कान धरला होता, तो त्याने सोडवला नाही. "येतो मी. पन रोज दोन वाजता गाडी ताब्यात घेताना मी ती पुरी तपासनार. टाकी, फिल्टर, ब्रेक, टायर, सगळं. तुमच्यासमोर. माझं होईपर्यंत तुमी तिथनं हलायचं नाय."

"नाय हलनार."

"बोलायचं पन नाय."

येसाजीने मान हलवली.

तेव्हापासून क्रशरच्या फाटकापाशी दोन वाजता हे चालतं. मनोज टाकीचं झाकण उघडून आत बघतो, तोंडाला लावून फुंकतो, भोकातून वारा जातो का बघतो. बोनेट उघडतो, पट्ट्याला बोट लावतो, गाडीखाली झोपून ब्रेकच्या नळ्या चाचपतो. येसाजी बाजूला उन्हात उभा असतो. वजनकाट्यावरची माणसं टोमणे मारतात, "काका, तुमचा खिसापन तपासला का?" येसाजी उत्तर देत नाही. कधीतरी मनोजला पाना लागतो, तो मागत नाही, हात नुसता बाहेर काढतो. येसाजी पाना देतो.

वीस मिनिटं, कधी पंचवीस. मग मनोज चावी घेतो आणि त्याच्याकडे न बघता वर चढतो.

एके दिवशी भागूबाई ताट वाढून वाट बघत होती.

"आज लई उशीर केलात."

"सहाच्या सहा टायर ठोकून बघितले त्यानं."

"मग? निघालं काय?"

"काय निघनार?" येसाजी पाटावर बसला. "उद्या पन बघनार हाय."

"बघू दे."

"मी कुठं काय म्हनतो?" तो म्हणाला आणि त्याने भात कालवायला घेतला.